सुट्ट्यांचा दुष्काळ

किराणा दुकानात दोन रुपये सुट्टे नसले की हातावर चॉकलेट पडतं. तेच चॉकलेट घेऊन शेजारच्या दुकानात जा आणि त्यावर काडेपेटी मागून बघा. हसतील! पण 1942-43 साली आपल्या देशात असले व्यवहार खरोखर चालत. चॉकलेटऐवजी पोस्टाची तिकिटं असत आणि व्यापाऱ्यांच्या शिक्क्याच्या चिठ्ठ्या.

सुट्टे गेले कुठे? मडक्यात. दुसरं महायुद्ध चालू होतं; मार्च 1942 मध्ये शेजारच्या ब्रह्मदेशातलं रंगून जपानच्या हाती पडलं. उद्या इंग्रज सरकारच उलथलं तर नोट कोण विचारणार? तांबं मात्र तांबंच राहणार. हिशेब करा: तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट, एकेक पावणेपाच ग्रॅमच्या वर. म्हणजे रुपयाभर मोडीत तीनशे ग्रॅमहून जास्त धातू! धातू महागला, मोड दडली. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं सरकारनं 1940 मध्येच गुन्हा ठरवलं होतं. पण मडक्यात डोकावणार कोण?

मग व्यापाऱ्यांनी पितळी टोकनं का नाही पाडली? 1889 चा कायदा आडवा. पैसा म्हणून चालवायला धातूचे तुकडे पाडायची खाजगी माणसाला बंदी. उरला कागद आणि पुठ्ठा. मोरवी, जुनागढ, बिकानेर या संस्थानांनी तर चक्क कॅश कूपनं छापली.

आता यातली गंमत पाहा. नातेपुत्याच्या पेठेतल्या एखाद्या दुकानदारानं अशी आण्याची चिठ्ठी दिली असती, तर तिची किंमत कुठवर? त्याचं नाव ओळखणारा माणूस भेटेल तिथवर. पुढं शेजारच्या माळशिरसला ती रद्दीच. पैसा म्हणजे मुळात काय असतो, ते यापेक्षा स्वच्छ कुठं दिसेल?

सरकारचं उत्तर 1943 मध्ये आलं, तेही भन्नाट: भोकाचा पैसा. वजन फक्त दोन ग्रॅम. एका जुन्या पैशाच्या धातूत नवे दोन होऊन वर थोडा उरतो. मधलं पोट कापून टाकलं, तरी किंमत पूर्ण एक पैसा!

हे पैसे कोट्यवधी पाडले, म्हणून संग्राहकाला आजही स्वस्तात मिळतात. चिठ्ठ्यांचं उलटं. वटल्या की फाडल्या, उरलेल्या वाळवीनं खाल्ल्या. त्यामुळे खरा शोध कागदाचाच. आजोबांच्या वह्या रद्दीत घालण्याआधी पानं चाळा. आणि डब्यात भोकाचा पैसा सापडलाच, तर चिंचेनं घासू नका; चकाकलेल्या नाण्याला जाणकार कमी भाव देतात.