एका नटाची अनेक बिऱ्हाडे

नाटकातला नट रंगमंचावरून नमस्कार करून निघून जातो. सिनेमातला नट पडद्यावर राहतो. टेलिव्हिजनचा नट मात्र ऐन जेवणाच्या वेळी घरात येतो आणि घरचाच होऊन बसतो. हा मान मोठा खरा, पण त्यात एक धोकाही आहे. लोकांनी एकदा ‘आपला अमुक’ म्हटले, की दुसरे काही होण्याची मुभा ते त्याला सहसा देत नाहीत. दिलीप प्रभावळकरांनी ती मुभा आयुष्यभर कशी मिळवली, हे पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म 4 ऑगस्ट 1944 चा. शिक्षण विज्ञानाचे, नोकरी औषधांच्या कंपनीतली आणि जीव नाटकात! रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त त्यांनी रंगवलेली चेटकीण त्या वेळची मुले अजून विसरलेली नाहीत. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्याच दशकात चि. वि. जोशींचे चिमणराव छोट्या पडद्यावर अवतरले. काम जोखमीचे होते. मराठी वाचकाच्या मनात चिमणराव केव्हाचे घर करून होते. शिवाय 1940 च्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी ते साकारले होते. तरीही प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ ही जोडी घराघरांत मुक्कामाला आली.

दुसरा एखादा नट या एका भूमिकेवर जन्म काढता. यांनी बिऱ्हाड हलवले. ‘हसवाफसवी’ हे नाटक स्वतः लिहून त्यात सहा भूमिका केल्या. 1991 च्या ‘चौकट राजा’त ते मतिमंद नंदू झाले, तर 1993 च्या ‘झपाटलेला’त थेट तात्या विंचू!

2001 साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. तिचे मूळ त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनात होते. सत्तावन्न वर्षांचे प्रभावळकर तीत घरातले आजोबा, म्हणजे आबा, झाले. मुलगा, सून, नातवंडे आणि आबा एका छपराखाली नांदत.

आमचे दासगाव सावित्रीच्या काठी, महाडच्या अलीकडे. एके काळी मुंबईची बोट इथल्या बंदराला लागे. बोटी थांबल्या, पण मुलांचे मुंबईला जाणे थांबले नाही. कित्येक घरांत म्हातारी माणसेच उरली. माझी थोरली आत्या त्यांतलीच. तिचे लेक-नातवंडे गणपतीला आणि मे महिन्यात यायची. एरवी तिच्या माजघरात टिपऱ्यांचे भरलेले घर असे. “आबांचं नशीब थोर बाबा, सगळी जवळ आहेत,” असे ती म्हणायची. त्यात कौतुक किती आणि हुरहूर किती, हे मला कधी मोजता आले नाही.

पुढे 2006 च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त प्रभावळकर महात्मा गांधी झाले. त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट टीव्हीवर लागला, तेव्हा आत्या पुढे सरकून म्हणाली, “अरे, आबा किती वाळले रे!”

आम्ही हसलो. पण नीट पाहिले, तर नटाचे दोन्ही विजय त्या एका वाक्यात होते. तिने गांधीजींना गांधीजी म्हणूनच हात जोडले होते, आणि आपल्या माणसाची काळजीही सोडली नव्हती.

2025 साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, ‘दशावतार’ या चित्रपटात ते कोकणातला वृद्ध दशावतारी कलावंत होऊन आले. आजवर इतक्या बिऱ्हाडांत राहिलेल्या या नटाला हे घर काही परके वाटले नसेल.