मूळ फोटो जपा!

बालमित्रांनो,

पाटीवर चुकलं तर बोटाने पुसता येतं. वहीत शाईने चुकलं, की खाडाखोड! आणि संगणकावरच्या फोटोत चुकलं तर? ऐका माझीच फजिती.

गेल्या वर्षी आमच्या येलदरीच्या जलाशयाकाठी मी वर्गाचा फोटो काढला. तो भिंतीवर लावायचा, म्हणून संगणकावर त्याच्या कडा कापल्या, उजेड वाढवला आणि त्याच नावाने 'सेव्ह' केला. कडेला उभी असलेली एक मुलगी त्यात कापली गेली, हे ध्यानातच आलं नाही. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघाली. म्हणाली, "बाई, माझा फोटो द्या ना!" फोनमधला मूळ फोटो मी केव्हाच पुसला होता. काय देणार?

तुम्ही म्हणाल, "बाई, 'अन्डू' करायचं!" पण फाईल बंद केली, की ती सोय सहसा संपते.

मग मी नीट शिकले. तुमच्या चित्रावर बटर पेपर ठेवा आणि त्यावर रंगवा. चुकलं तर कागद उचला. खालचं चित्र जसंच्या तसं! संगणकावरच्या अशा पारदर्शक पानाला 'लेयर' म्हणतात. १९९० साली आलेल्या फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ मध्ये आली. १९९६ मध्ये 'अॅडजस्टमेंट लेयर' आला. तो जणू रंगीत जिलेटीनचा कागद. डोळ्यांसमोर धरला की जग लाल दिसतं, काढला की पुन्हा पहिल्यासारखं. उजेड आणि रंग त्यानेच बदलायचे.

तिसरी गंमत 'मास्क'ची. मास्कवर काळा रंग लावला की फोटोचा तेवढा भाग लपतो, पांढरा लावला की परत दिसतो. मी कडा कापण्याऐवजी मास्कने झाकली असती, तर ती मुलगी क्षणात परत आली असती!

दोन गोष्टी मात्र विसरू नका. आधी मूळ फोटोची प्रत काढा. आणि काम पीएसडी फाईलमध्ये ठेवा. फुकट मिळणाऱ्या 'गिंप'मध्ये तिला एक्ससीएफ म्हणतात. जेपीजी केलं की सगळे लेयर एकमेकांना चिकटून जातात, बरं का!

उन्हाळ्यात ती मुलगी परत आली. मी पुन्हा सगळ्यांना काठावर नेलं आणि तिला मधोमध उभं केलं. पहिला फोटो मात्र गेला तो गेलाच.

तुमची,
बाई