दिवा विझला म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला?

लिफ्ट, रेल्वे सिग्नल, अणुभट्टी अशा यंत्रणा बऱ्याच अंशी एकामागून एक घडणाऱ्या घटनांवर चालतात: आज्ञा गेली, व्हॉल्व्ह उघडला, दाब उतरला. अभियंते त्यांना विविक्त घटना प्रणाली म्हणतात. त्यांतला बिघाड ओळखण्याविषयीचे गैरसमज किती महाग पडतात, ते २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दिसले.

गैरसमज : बिघाड झाला की पॅनेलवर कळतोच.
वस्तुस्थिती : सेन्सर जे टिपतो तेवढेच कळते. त्या पहाटे जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला, पण तो उघडा असल्याचे दाखवणारा दिवा विझला. दिवा जोडलेला होता आज्ञेच्या विद्युत संकेताला. व्हॉल्व्ह खरोखर मिटला का, हे त्याला ठाऊकच नव्हते. दोन तासांहून अधिक काळ भट्टी थंड ठेवणारे पाणी निसटत राहिले आणि गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला.

गैरसमज : एखादे वेगळे माप दिसले की निदान झाले.
वस्तुस्थिती : व्हॉल्व्हपुढच्या नळीचे तापमान चढलेच होते. मात्र व्हॉल्व्ह आधीपासून थोडा गळत असल्याने कामगारांना ते नेहमीचे वाटले. एकच नोंद धडधाकट आणि बिघडलेल्या, दोन्ही यंत्रांशी जुळू शकते. ‘बंद’ची आज्ञा गेली, तरी निसटलेले पाणी साचणाऱ्या टाकीचा दाब वाढतच गेला आणि तिची सुरक्षा चकती फुटली. हा क्रम लावला असता, तर संशय व्हॉल्व्हवरच गेला असता.

गैरसमज : अलार्म जितके जास्त, तितके निदान सोपे.
वस्तुस्थिती : पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजले आणि गोंधळ वाढला. उपयोग होतो तो ‘ठीक’ आणि ‘बिघाड’ या दोन शक्यता वेगळ्या पाडणाऱ्या नोंदीचा.

गैरसमज : चांगले सॉफ्टवेअर कोणताही बिघाड शोधते.
वस्तुस्थिती : मिशिगन विद्यापीठातल्या मीरा संपत आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याची गणिती कसोटी मांडली. बिघाडानंतर ठरावीक घटनांच्या आत नोंदींवरून तो निःसंशय ओळखता आला, तरच यंत्रणा ‘निदानक्षम’. बिघाड असतानाची आणि नसतानाची नोंद कितीही काळ सारखीच राहू शकत असेल, तर सॉफ्टवेअरही हतबल. ही परीक्षा यंत्र उभारण्यापूर्वी, त्याच्या आराखड्यावरच घेता येते.

अपघातानंतर अमेरिकी अणुनियामकाने असे व्हॉल्व्ह प्रत्यक्ष उघडे आहेत की बंद, हे थेट दाखवणारी सोय सक्तीची केली.