खाडीवरचा पूल आणि पायी चालणारे

जूचंद्रहून भाईंदर तसं हाकेच्या अंतरावर. मध्ये फक्त वसईची खाडी. पण सायकलवर टांग मारून निघालं, की थेट महामार्ग गाठायचा आणि ट्रकांच्या गर्दीतून वरसावे पुलाचा वळसा घालायचा. रेल्वेने मात्र ही खाडी 1864 सालीच ओलांडली.

बीबीसीआय रेल्वेचे कर्नल केनेडी यांनी या मार्गावरच्या पुलांसाठी टोकाला मळसूत्र असलेले लोखंडी खांब वापरले. ते ठोकायचे नाहीत, फिरवत फिरवत गाळात उतरवायचे. 1867 मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली, तेव्हा तिच्या थांब्यांत पाणजे, म्हणजे आजचं पाणजू, हे नाव होतं. खाडीच्या मधोमध असलेल्या पाणजू बेटावरून आजही चार मार्गांवरच्या गाड्या धडधडत जातात. थांबत एकही नाही.

काळाबरोबर नवे पूल झाले आणि ब्रिटिशकालीन जुना पूल वापरातून गेला. तो पादचारी आणि हलक्या वाहनांसाठी खुला करा, अशी मागणी इथल्या लोकांनी लावून धरली होती. मला ती मागणी आजही रास्त वाटते. गाड्यांचं ओझं न पेलणारा पूल माणसांचं ओझं पेलू शकतो की नाही, हे तपासून दुरुस्त करता येतं. इंग्लंडमधला बेनर्ली व्हायाडक्ट 1877 चा, तोही लोखंडी सांगाड्याचा. गाड्या बंद झाल्यावर अनेक दशकं गंजत उभा होता. स्थानिकांनी चिकाटी सोडली नाही आणि 2022 मध्ये तो चालणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी खुला झाला. आपल्या खाडीवर ते घडलं नाही.

पाणजूकरांचं चालणं मात्र थांबलं नाही. होडी नसली की रुळांच्या कडेची अरुंद पत्र्याची वाट. लोकल आली की कठड्याला पाठ लावून, पिशवी छातीशी धरून उभं राहायचं. पायाखालचा पत्रा थरथरतो, खाली भरतीचं गढूळ पाणी. त्यात डब्यांतून निर्माल्याच्या पिशव्या भिरकावल्या जातात. सप्टेंबर 2025 मध्ये याच वाटेवर, गाडीतून फेकलेला नारळ लागून बेटावरचा एक तरुण जिवानिशी गेला. खाडीला हात जोडताना खाली माणूस चालतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, याचा मला फार त्रास होतो.

2024 पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू आहे. चांगली सोय आहे, पण ती सुटते वसई किल्ल्याजवळून. जूचंद्रकरांना त्यासाठी आधी पश्चिमेचं टोक गाठावं लागतं. एमएमआरडीएच्या नायगाव-भाईंदर रस्ता पुलाची चर्चा तर वर्षानुवर्षं चालू आहे. तो होईल तेव्हा मोटारींच्या मार्गिकांना लागून, भक्कम कठड्याची वेगळी पायवाट आणि सायकलमार्ग हवाच. आणि पाणजूवर उतरायला उतार हवा, नुसते जिने नकोत.