सिमला ऑफिस, वेधशाळा आणि हवामान खाते

१८७५ साली स्थापन झालेल्या आणि हल्ली 'भारतीय हवामान विभाग' या नावाने छापल्या जाणाऱ्या सरकारी संस्थेचा त्या पूर्ण नावाने उल्लेख करणारा मनुष्य महाराष्ट्रात क्वचितच भेटेल. पुण्याच्या जुन्या रहिवाशाच्या लेखी ते 'सिमला ऑफिस', मुंबईकराच्या तोंडी 'कुलाबा वेधशाळा'. आणि पेरणी साधली की ज्याचे स्मरणही होत नाही, परंतु दुबार पेरणीची वेळ आली की ज्याचा भर चावडीवर उद्धार होतो, ते गावोगावचे 'हवामान खाते'. ही नावे पाटीवर नसली तरी प्रत्येकामागे इतिहासाचा भक्कम दाखला आहे.

अव्वल इंग्रजी अमदानीतील राजधानी कलकत्ता. म्हणून या खात्याचे पहिले मुख्यालयही तेथेच होते. १८६४ साली त्या शहरावर आलेले भीषण चक्रीवादळ आणि पाठोपाठ १८६६ व १८७१ साली मोसमी पावसाने दिलेला दगा यांमुळे, प्रांतोप्रांतीच्या विखुरलेल्या नोंदी एका हाताखाली आणल्यावाचून गत्यंतर नाही, हे सरकारच्या ध्यानी आले आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे हा कारभार सोपविण्यात आला. १९०५ साली मुख्यालयाचा मुक्काम सिमल्यास हलला. तेथे गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाने, कारकुनांच्या हातून आकडेमोडीचे डोंगर उपसून, प्रशांत महासागरावरचा आणि हिंदी महासागरावरचा वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणे आलटूनपालटून खालीवर होतो, असा निष्कर्ष काढला. दक्षिणी आंदोलन या नावाने ओळखला जाणारा हा संबंध आजही मोसमी पावसाच्या दीर्घकालीन अंदाजात धरावा लागतो. 'एल निनो' हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांतून फिरतो, तो याच आंदोलनाचा जोडीदार. १९२८ साली हे सारे दप्तर पुण्यास आले आणि शिवाजीनगर येथील घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत सिमल्याहून आलेली कचेरी म्हणून 'सिमला ऑफिस' झाली. १९४४ साली मुख्यालय दिल्लीस गेले. नाव मात्र गेले नाही. बसच्या थांब्यालाही तेच नाव राहिले, आणि पुण्यातील एखादा विद्यार्थी सिमल्याचा पुण्याशी संबंध काय म्हणून विचारू लागला तर त्याला उत्तर देणारे वडीलधारे आता थोडेच उरले असावेत.

'वेधशाळा' या नावाविषयी काही सुशिक्षितांची तक्रार असते, की वेध ताऱ्यांचा घेतात, पावसाचा नव्हे. ही तक्रार इतिहासापुढे टिकत नाही. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली, ती मुळात खगोलीय निरीक्षणांसाठी आणि मुंबई बंदरातील गलबतांना अचूक वेळ कळावी म्हणून. हवामानाच्या व चुंबकीय नोंदी तेथे १८४१ पासून सुरू झाल्या. म्हणजे ही वेधशाळा खुद्द खात्याहून सुमारे अर्धशतकाने वडील. पुढे ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचा घाट घातला जाताच चुंबकीय उपकरणे अलिबागेस न्यावी लागली. पाऊस, वारा आणि वायुभार मात्र कुलाब्यालाच राहिले. शिवाय १८८९ साली जॉन एलियट यांना जो हुद्दा मिळाला तो 'वेधशाळांचे महासंचालक' असा होता. तेव्हा सामान्य मुंबईकर ज्या नावाने त्या कचेरीचा उल्लेख करतो, ते सरकारी हुद्द्याशी तंतोतंत जुळते.

नावापेक्षा अधिक घोटाळा होतो तो खात्याच्या रोजच्या भाषेत. 'तुरळक ठिकाणी पाऊस' असे ऐकल्याबरोबर श्रोता चार थेंबांची बुरबुर गृहीत धरतो. परंतु खात्याच्या परिभाषेत 'तुरळक' हे पावसाचे मान नसून क्षेत्राचे मान आहे. एखाद्या उपविभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडला की तो तुरळक ठिकाणचा. पन्नास टक्क्यांपर्यंत असल्यास काही ठिकाणचा. त्याहून वर अनेक आणि मग बहुतांश. पावसाच्या जोराची मोजणी निराळी. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, आणि २०४.५ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. त्यामुळे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हा वाक्प्रयोग, जो ऐकून कित्येकांना हसू येते, तो व्याकरणाने व शास्त्राने सारखाच निर्दोष ठरतो.

उपविभागांचीही हीच गत आहे. नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचा प्रदेश खाते 'मध्य महाराष्ट्र' या एका सदराखाली मोजते. त्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचे महाबळेश्वर येते आणि त्याच सातारा जिल्ह्यातला, पाचशेच्या आसपास पावसावर गुजराण करणारा माण तालुकाही येतो. अशा उपविभागाविषयी वर्तविलेले भाकीत माणमधल्या शेतकऱ्याला आपल्या बांधापुरते खोटे वाटले, तर त्यात त्याचा दोष मी मानीत नाही. जिल्हावार आणि तालुकावार अंदाजांकडे खात्याला वळावे लागले, त्यामागे हीच निकड आहे.

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याला निमित्त खात्यानेच पुरविले, हेही नमूद केले पाहिजे. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून मोसमी पावसाचा अदमास बांधण्याची रीत पाडली आणि १८८६ पासून असे अंदाज रीतसर जाहीर होऊ लागले. परंतु १८९९ साली एलियट यांनी चांगल्या पावसाची आशा दाखविली आणि प्रत्यक्षात दुष्काळ पडला. टीकेचा इतका भडिमार झाला, की पुढे काही वर्षे अंदाज केवळ सरकारी अधिकाऱ्यांपुरते गोपनीय ठेवण्यात आले. आजचा अंदाज उपग्रह, डॉप्लर रडार आणि महासंगणक यांच्या बळावर बांधला जातो व पूर्वीच्या मानाने पुष्कळच खरा ठरतो. विनोदाची धार मात्र तेवढीच आहे.

वृत्तपत्राच्या कोपऱ्यात छापल्या जाणाऱ्या पावसाच्या आकड्यांकडेही नीट पाहिले पाहिजे. तो आकडा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा नसून सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंतचा असतो. कारण जगभरच्या निरीक्षणांच्या ठरलेल्या वेळांपैकी ग्रिनिचचे तीन वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ होतात. मुंबईपुरते तर असे आकडे दोन, कुलाब्याचा आणि सांताक्रूझचा. २६ जुलै २००५ रोजी सकाळी सुरू झालेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याचा आकडा ७३ च्या आसपास राहिला. एका नोंदीने तो केवळ मुसळधार पाऊस, दुसरीने 'अत्यंत मुसळधार' या शब्दालाही कित्येक पटींनी मागे टाकणारा. आणि दोन्ही नोंदी बिनचूक.