पाहुणा येतो, पण थांबतो कुठे?

मेळघाट 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तिकडे येणारे बहुतेक पाहुणे अमरावती-परतवाडामार्गे चिखलदरा गाठतात आणि त्याच वाटेने परततात. आपल्या बाजाराच्या वाट्याला येतो तो चहा-नाश्ता! 16 एप्रिल 2025 रोजी बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. प्रवास सोपा झाला, म्हणून मुक्काम वाढतोच असे नाही.

परतवाड्याला लागूनच अचलपूर आहे, इमादशाहीची राजधानी. तिथला हौज कटोरा पाहायला किती गाड्या थांबतात? अकोल्याकडेही तीच गत. नरनाळा किल्ल्याची वाट अकोटवरून जाते. या अकोटच्या गालिच्यांची दखल इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने घेतली होती. आज तिथे उतरलेल्याने घरी न्यावे असे आपण काय मांडतो? बाळापूरला किल्ला आहे, मिर्झा राजे जयसिंगांची छत्री आहे. जवळच गावच्या हुन्नराचे एखादे दुकान हवेच.

मात्र गर्दीला पाणीही लागते. अकोल्याची तहान काटेपूर्णा धरणावर भागते आणि उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. म्हणून आमच्या मते मेळे, प्रदर्शने हिवाळ्यातच भरावीत. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या डिसेंबरातील कृषी प्रदर्शनाला गावोगावचे शेतकरी येतात. कारागीर बांधवांनो, सुरुवात तिथूनच करा. चौघांनी मिळून एक गाळा मागावा, भाव लिहून लावावेत, माल कापडी पिशवीत द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहेच. शिवणाऱ्या हातांना तेवढेच काम.