मोबाईल संचातील जाहिरातींचे अतिक्रमण आणि ग्राहकहित

मोबाईल संच हे आज ग्रामीण जीवनातील आवश्यक साधन बनले आहे. धाराशिव जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकास बँक, पीकविमा व हवामानविषयक सूचना त्यावरच मिळतात. जाहिरातींच्या गर्दीत अशी एखादी सूचना नजरेआड झाल्यास प्रत्यक्ष नुकसान संभवते. म्हणून हा प्रश्न केवळ त्रासाचा नसून ग्राहकाच्या हक्काचा आहे.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये अनाहूत व्यापारी संपर्काविरुद्ध नियमावली केली. २०१८ मध्ये तिचे स्वरूप अधिक कडक झाले. ग्राहकास १९०९ या क्रमांकावर नोंदणी व तक्रार करता येते. २०२५ च्या दुरुस्तीनुसार संदेश पाठविणाऱ्याच्या नावापुढे खुणेचे अक्षर असते : जाहिरातीसाठी 'पी', सेवेसाठी 'एस', व्यवहारासाठी 'टी' आणि शासकीय संदेशासाठी 'जी'.

तथापि, ही व्यवस्था दूरध्वनी व लघुसंदेशांपुरती मर्यादित आहे. ॲपमधून येणाऱ्या सूचना किंवा बंद पडद्यावर झळकणाऱ्या जाहिराती इंटरनेटद्वारे येतात. त्यांच्यावर अशी खूण नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ फसव्या पद्धती निश्चित केल्या. त्यांत छुपी जाहिरात व वारंवार तगादा यांचा समावेश आहे. परंतु जाहिरात ओळखण्याचा व तक्रारीचा भार बहुतांशी ग्राहकावरच राहतो.

सारांश, नकार नोंदविण्याची जबाबदारी ग्राहकावर न टाकता, त्याची पूर्वसंमती घेण्याची जबाबदारी जाहिरातदारावर असणे हेच न्याय्य ठरेल.